नव्वद सेकंदांची अट

मंजुषा कारंज्याच्या एसटीतून उतरून घरी आली तेव्हा चक्की बंद होती आणि ओसरीवर, दळणाच्या डब्यांच्या रांगेत, तिचा कम्प्युटर उभा होता. एका बाजूचं झाकण काढलेलं. वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या, स्क्रीन गोधडीत बांधलेला. कुणाची तरी पायलीभर ज्वारी आणि तिची दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली होती.

"बंद कोनं केला?" तिने विचारलं.

"म्या." निता वहिनी चाळण झाडत होती, तिने मान वर केली नाही. "उद्या सीतादही हाये. खोली मोकळी करा म्हून आठ दिवसापासून सांगून राह्यली. तुमाले ऐकू येत नाई, त मंग हातानंच केलं."

"सोमवारी करते म्हनलं होतं मी."

"कापूस सोमवारची वाट पाह्यत नाई, ताई. अन् हे झाकन उघडून पाह्यलं का तुमी कधी? एक उशी भरंल इतका कापूस निंघाला अंदरून. ठिनगी पडली असती त सारं घर गेलं असतं. चक्कीचा ब्लोअर मारला अन् साफ केलं सारं. गुन गाऊ नका माह्ये, पन शिव्या बी देऊ नका."

"चालू कामात प्लग ओढला तुमी."

"चालू काम," निता म्हणाली. "दोन वर्सं झाले, चालूच हाये ते. आमची चक्की बी कधी बंद पडते."

मंजुषाने पर्स खाली ठेवली आणि यंत्राच्या पोटात पाहिलं. पंख्याची पाती काळी कुळकुळीत दिसत होती. ती काळी आहेत हे तिला आजच कळत होतं. इतके दिवस करडी दिसायची. तिला राग आला तो जास्त कशाचा, बंद केल्याचा की साफ केल्याचा, हे तिला सांगता आलं नसतं.

इंझोरीच्या या घरात उत्तरेची खोली म्हणजे सीतादहीच्या कापसाची खोली. सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात पाच झाडांना सुताचा फेरा घालायचा, दहीभात शिंपडायचा, वेचलेली पहिली पाटी घरच्या बाईने डोक्यावरून आणायची, वाटेत कुठे टेकवायची नाही, आणि उत्तरेच्या खोलीत रिती करायची. मग संक्रांतीपर्यंत त्या खोलीला झाडू लावायचा नाही. आलेली लक्ष्मी झाडून काढू नये, असं मंजुषाची आई रंगूबाई सांगायची, आणि तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. पुढच्या वेचण्यांचा कापूस मग त्या ढिगावरच चढायचा, छताला टेकेपर्यंत.

सहा वर्षांपूर्वी मंजुषा पुण्याहून परत आली ती या खोलीत. तेव्हा वय अडतीस, लग्न नाही, नावामागे डॉक्टर, आणि एका मागून एक संपलेल्या तीन कंत्राटी नोकऱ्या. अमरावतीला एमएस्सी, पुण्याला पीएचडी, मग तीन शहरांत दोन-दोन वर्षं. शेवटची मुदत संपली तेव्हा पुढची जागा निघाली नव्हती. कारंज्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. वडील माणिकराव गेलेले होते. घर भावाचं, इंद्रभानचं. त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "खोली तुही, कोपरा कापसाचा." म्हणजे सीतादहीची पाटी तिच्या टेबलामागच्या कोपऱ्यात रिती व्हायची आणि उरलेला कापूस बैठकीत जायचा. झाडूचा नियम मात्र अख्ख्या खोलीचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मंजुषा कापसाच्या भुरक्यात राहायची, खाजवत राहायची, आणि खोलीचं भाडं समजून गप्प बसायची.

गावाने तिला सुरुवातीला जवळ केलं होतं. कम्प्युटरवाली पोरगी आली म्हणून लोक सातबारा काढायला, पीकविम्याचे फॉर्म भरायला येऊ लागले. पहिल्या हंगामात तिने दोनशे फॉर्म भरले. दुसऱ्या हंगामात दाराला आतून कडी घातली. तेव्हापासून पारावर तिच्याबद्दल एकच वाक्य चालायचं, "डॉक्टर हाये म्हन्ते, पन ताप उतरत नाई अन् फारम बी भरत नाई."

ती करत काय होती, हे तिने घरी एकदाच, नीट समजावून सांगितलं होतं. चौकोनी फरशी पाव वळण फिरवली की होती तशीच दिसते. उलटी घातली तरी तशीच. फरशीच्या अशा एकूण आठ हालचाली आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन एकापाठोपाठ केल्या तरी त्या आठांतलीच एखादी होते. बाहेरचं काही लागत नाही. अशा आपापल्यात पुरणाऱ्या हालचालींना गट म्हणतात. आठ हालचालींचे वेगवेगळे गट पाचच. हालचाली पंधराशे छत्तीस केल्या की गट होतात चाळीस कोटी शहाऐंशी लाखांच्या वर.

दुसरीकडे न्यूट्रिनो नावाचे कण. तीन प्रकारचे, आणि प्रवासात एका प्रकाराचा दुसरा होतो. किती प्रमाणात होतो ते लोकांनी मोजलंय. तेवढ्याच प्रमाणात का, ते कुणाला सांगता येत नाही. त्यामागे एखादा गट असेल, असं काही जण मानतात. म्हणून गट एकेक करून तपासायचे, कोणता त्या मोजमापाला बसतो ते पाहायचं. पंधराशे छत्तीस आले की सगळे तो आकडा ओलांडून पुढे जात. फार आहेत, म्हणून. मंजुषाने तोच धरला होता. बहुतेक गट पहिल्याच सोप्या चाळणीत क्षणात गळायचे, वेळ लागायचा तो शेवटच्या टप्प्यापर्यंत उरलेल्यांना.

"म्हंजे चाळीस कोटी स्थळं पाह्यली ताईनं," निता तेव्हा म्हणाली होती, "अन् एकबी पसंत नाई पडलं."

इंद्रभान हसला होता, रंगूबाईसुद्धा. मंजुषाने त्यानंतर घरात त्या विषयावर तोंड उघडलं नाही. पण निताने नकळत बरोबर निष्कर्ष सांगितला होता. आधीपासून ठाऊक असलेला एक गट सोडला तर त्या चाळीस कोटींत मोजमापाला बसणारा दुसरा नाही, हेच मंजुषाच्या लेखाचं म्हणणं होतं. लेख बाहेरच्या एका चांगल्या नियतकालिकाने घेतला होता. शेवटचं मुद्रित सोमवारी दुपारी बारापर्यंत मान्य करायचं होतं. त्या लेखावर नागपूरच्या एका संस्थेत तीन वर्षांची जागा ठरली होती. गुरुवारी ती जाणार होती.

गुरुवारची वाट घरात सगळेच पाहत होते. मंजुषा स्वतः सर्वांत जास्त. तिने कॅलेंडरवर खूण केली नव्हती, ती निताने केली होती, हळदीच्या बोटाने.

आता ओसरीवर तिने यंत्राचं झाकण लावलं, वायरी जोडल्या, यूपीएस लावला. खोलीत नेण्यात अर्थ नव्हता. तिची खाट, पुस्तकांच्या पेट्या, कपडे, सगळं निताने बैठकीत एका भिंतीशी लावून ठेवलं होतं आणि उत्तरेची खोली शेणाने सारवून, दाराला तोरण बांधून तयार होती. जमीन अजून ओली होती.

यंत्र सुरू झालं तेव्हा आवाजच आला नाही. इतकी वर्षं ते घरघरायचं. रंगूबाईने आतून विचारलं, "बिघडलं का वं?"

"नाई बिघडलं, माय."

तिची एक शिस्त होती. वीज अवचित गेली की चालू असलेली पाचशे गटांची पेटी पुन्हा मोजायची, आणि तिच्या आधीची पूर्ण झालेली पेटीही पुन्हा मोजायची, फाईल खराब झाली नाही ना ते पाहायला. लेखासोबत जोडायची पडताळणी चालू होती. शेवटच्या टप्प्यातल्या चाळीस पेट्या परत मोजायच्या होत्या आणि एकतीस झाल्या होत्या. एकतीसच्या एकतीस जुळल्या होत्या. तिने दोन्ही पेट्या लावल्या आणि जेवायला बसली. ताटात वाढताना निता बोलली नाही. मंजुषानेही मीठ मागितलं नाही.

रविवारी सकाळी सगळे शेतात गेले. निता नवीन लुगडं नेसली होती, रंगूबाईने दह्याचं मडकं धरलं होतं. इंद्रभान जाताना म्हणाला, "तू येतं का?"

"नाई."

"नको येऊ. पन लोक पाह्यते. बहीन घरी अन् वावरात आली नाई म्हून पाह्यते."

"मंग सांग, डबडं राखून राह्यली."

तो गेला. मंजुषा चहा घेऊन ओसरीवर बसली. आधीची पेटी मोजून झाली होती. नेहमीपेक्षा अर्ध्या वेळात. पाचशे ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्य म्हणजे गट गळाला, एक म्हणजे पुढच्या परीक्षेला गेला. या पेटीत सगळी शून्यं होती, दोनदा मोजून सगळी शून्यं होती.

आता दोन ओळींच्या शेवटी एक होता.

तिने चहा खाली ठेवला. फाईल खराब झाली असेल, असं आधी वाटलं. मग पेटी पुन्हा लावली, आणि ती चालू असताना वेळेचा रकाना उघडला. प्रत्येक गटाला किती सेकंद लागले ते तिथे लिहिलेलं असायचं. आज त्या दोन गटांना एकाहत्तर आणि चौऱ्याऐंशी सेकंद लागले होते. जुन्या नोंदीत दोघांपुढेही नव्वद. नेमके नव्वद.

नव्वद कुठून आले हे तिला आठवायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच महिन्यात यंत्र एका गटावर सहा तास अडकलं होतं, तेवढ्यात लाईन गेली, इन्व्हर्टर संपला आणि अख्खा दिवस वाया गेला. त्या संध्याकाळी तिने एक अट लिहिली. नव्वद सेकंदांत उत्तर आलं नाही तर शून्य लिही आणि पुढे जा. शून्य तात्पुरतं होतं. राहिलेले नंतर पाहायचे होते. त्या महिन्यात असे अकराच निघाले. अकराही तिने हाताने तपासले, सगळे खरोखरच गळणारे होते. मग तिने अट तशीच राहू दिली.

आता तिने दोन्ही वर्षांच्या नोंदी उघडल्या आणि फक्त नव्वदवाल्या ओळी वेगळ्या काढल्या, महिन्यावार. पहिल्या दिवाळीपर्यंत तुरळक. दिवाळी ते संक्रांत, चारशेच्या वर. संक्रांतीनंतर पुन्हा तुरळक, कारण त्या वर्षी झाडू लागला तेव्हा तिने यंत्रही उघडून पुसलं होतं. दुसऱ्या दिवाळीला पुन्हा चढण. आणि यंदाच्या संक्रांतीला तिने यंत्र उघडलंच नव्हतं. काम शेवटच्या टप्प्यात होतं, बंद करायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती चढण मग उतरलीच नव्हती. पंख्यात कापूस बसला, यंत्र तापलं, तापलं की मंदावलं, आणि सत्तर सेकंदांचा गट नव्वद ओलांडू लागला. सगळे मिळून नऊ हजारांवर गट न तपासताच गळाले होते.

पडताळणी जुळली होती, कारण तीही त्याच भुरक्यात झाली होती.

नऊ हजारांतला एखादा मोजमापाला बसेल का, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित एकही बसणार नाही. कदाचित तिचं वाक्य खरंच असेल. पण ते वाक्य तिने तपासलेलं नव्हतं.

तिने धम्मरत्नला फोन लावला. धम्मरत्न धनजचा. कॉलेजात असताना दोघं कारंज्यापासून एकाच बसने जात; आता तो नागपूरच्या त्या संस्थेत होता आणि जागेसाठी शब्द त्यानेच टाकला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सही कर," तो म्हणाला.

"ऐकलं नाई का तू?"

"ऐकलं. सही कर, गुरुवारी ये, अठी मशीन हायेत, महिन्याभरात ते नऊ हजार मोजून टाक. काई निंघालं त दुरुस्ती छापू. सारे छापते. तुह्या पंख्यात कापूस होता हे कोन पाह्यला येऊन राह्यलं?"

"म्या पाह्यलं."

"मंजुषा, लेख नसंल त जागा जाईल. पुढची यादी तयार हाये. मी दुसऱ्यांदा कोनाजवळ जानार नाई. माह्यं बी नाव हाये अठी."

"तुह्या नावासाठी खोटी सही करू?"

"खोटी कोन म्हनते? तुले माहीत नाई इतकंच."

"माहीत नाई तठी मी 'नाही' लिहून बसली, धम्मा. तेच त खोटं."

"तुही वैनी काहून वैतागते ते समजलं आज," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुन्हा मोजूनही तेच दोन एक आले. मंजुषाने पत्र लिहायला घेतलं. तीन वाक्यांचं पत्र. मोजणीत चूक सापडली, लेख मागे घेते, क्षमस्व. शेवटचा शब्द खोडला कारण क्षमा मागण्यासारखं तिने त्यांचं काही केलं नव्हतं. मग पुन्हा घातला. पाठवायच्या आधी ती उठून उत्तरेच्या खोलीच्या दाराशी गेली आणि आत पाहून आली. मोकळी, गार, सारवलेली खोली. गुरुवारी नागपुरात तिला अशीच एक मिळणार होती, तिसऱ्या मजल्यावर, कापसाशिवाय. दरवाजाला स्वतःची किल्ली. तिने परत येऊन पत्र पाठवलं.

दुपारी वावरातून सगळे परतले. पुढे निता, डोक्यावर कापसाची पाटी, मान ताठ. पाच मैलांवरून न टेकवता आणलेली. ती सरळ उत्तरेच्या खोलीत गेली, पाटी रिती केली, हळदकुंकू वाहिलं, आणि बाहेर येऊन पहिल्यांदा पाठ टेकली. मंजुषा तशीच ओसरीवर बसली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी गुरुवारी जाऊन नाई राह्यली."

इंद्रभान पायावर पाणी घेत होता. तांब्या तसाच राहिला. "मंग कधी?"

"आता काई सांगता येत नाई. लेख मांगं घेतला. चूक निंघाली."

"कोनी काढली चूक?"

"म्याच."

"कोनी सांगतलं नव्हतं काढाले?"

"नाई."

इंद्रभानने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. "दोन वर्सं चाळीस कोटी मोजले," तो सावकाश म्हणाला, "बाहीरच्या लोकाईनं पास केलं, नोकरी देली, अन् हे घरी बसून सोताले नापास करून राह्यली."

"समजून घेतलं तू," मंजुषा म्हणाली.

"खोली नाई भेटनार. कापूस पडला आता. संक्रांतीपर्यंत हात लावता येत नाई."

"मागून नाई राह्यली."

निता उठून बसली होती. तिचं डोकं या घरात सर्वांत लवकर चालायचं, हे मंजुषाने मनातल्या मनात कधीच कबूल केलं होतं. "काल त चूक नव्हती," निता म्हणाली. "काल परवापर्यंत पास होतं. काल म्या ब्लोअर मारला. मंग आज चूक कशी निंघाली?"

मंजुषाला टाळता आलं असतं. "कापसानं मशीन धीमी झाल्ती. साफ झाली त खरा आकडा आला."

"म्हंजे माह्या हातानं?"

"हो."

"मी साफ केलं नसतं त तुमी गुरुवारी गेल्या असत्या."

"हो."

"अन् आता?"

"आता नऊ हजार पुन्हा मोजा लागते, अन् पुढची परीक्षा एकेकाले अर्धा-पाऊन तास. या मशीनवर आठ महिने. तुमी माह्यं वाईट कराले गेल्या, वैनी, अन् सोताचं करून बसल्या."

रंगूबाई एकदम हसली आणि तोंडाला पदर लावला. निताने सासूकडे असं पाहिलं की तो पदर तिथेच राहिला.

"आठ महिने कुठी बसनार?" इंद्रभानने विचारलं. "बैठकीत पाव्हने येते. ओसरीवर दळनवाल्या बाया येते."

"चक्कीच्या खोलीत कोपरा हाये."

"चक्कीत पीठ उडते," निता म्हणाली. "कापसाच्या वरतान. आठ दिवसात पुन्हा भरन तुमचा पंखा."

"म्हून तर." मंजुषा उठली. चक्कीच्या खोलीत दारामागे खिळ्याला ब्लोअर टांगलेला होता. तिने तो काढला आणि यंत्राशेजारी ठेवला. "दर शनवारी मी मारत जाईन."

"तो चक्कीचा हाये."

"माहीत हाये."

"विचारून घ्या."

"तुमी प्लग ओढताना विचारलं होतं?"

इंद्रभान आत गेला, रंगूबाई त्याच्यामागे. मंजुषाने पुन्हा खुर्चीवर बसून ती अट उघडली. नव्वदची ओळ खोडली. शून्य आणि एक याशिवाय तिसरी खूण घातली, अजून न तपासलेल्यांसाठी, आणि नऊ हजार गटांच्या पुढे ती लावून टाकली. मग पहिला गट लावला.

निता चक्कीच्या खोलीत शिरली. रविवारी चक्की बंद असते, आणि सीतादहीच्या दिवशी तर दळण घेतच नाहीत, हे गावाला माहीत होतं. दळायला समोर फक्त ती पायलीभर ज्वारी होती. तिने खटका ओढला. मोटार गुरगुरली, पट्टा फिरला, ओसरीवरचा दिवा मंद झाला आणि यूपीएस बोंबलायला लागला.

मंजुषाने मागे वळून पाहिलं नाही. यूपीएसवर यंत्र वीस मिनिटं चालतं. पायलीभर ज्वारीला साधारण दहा लागतात.